शर्यतीच्या तरुण घोड्यासाठी खासगी फार्म शोधताना: पुणे परिसरातील मालकांसाठी टप्प्याटप्प्याने

पहिल्यांदाच घोडा घेतलेले बहुतेक मालक खासगी फार्म ज्या क्रमाने शोधतात, तो क्रम उलटा असतो. रविवारी दुपारी फार्म पाहायचे, हिरवळ आणि नव्याने रंगवलेले तबेले आवडले की दर ठरवायचा, पुढच्या आठवड्यात घोडा पाठवून द्यायचा आणि त्यानंतर ट्रेनरला फोन करायचा, अशी ही पद्धत असते. मग रेसकोर्सवर परत घेताना कोणत्या रक्तचाचण्या लागतील हे विचारलेलेच नसते, पावसात ट्रॅक बंद पडतो, आणि घोडा लंगडू लागला की तो आला तेव्हा कसा होता यावरून वाद होतो. हे टाळायचे असेल तर पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पूर्ण करावेत.

हा लेख रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या पुणे आणि मुंबई येथील शर्यतींत घोडा उतरवू इच्छिणाऱ्या मालकांसाठी आहे. शर्यतीत धावणारा घोडा क्लबच्या परवानाधारक ट्रेनरच्या ताब्यात असावा लागतो. त्यामुळे खासगी फार्मवर होते ते त्याआधीचे किंवा मधल्या काळातले काम असते. फार्म ट्रेनरची जागा घेऊ शकत नाही.

## १. फार्मवर नेमके कोणते काम करून घ्यायचे ते ठरवा

‘ट्रेनिंगसाठी पाठवतो आहे’ एवढे सांगणे पुरेसे नाही, कारण या एका शब्दाखाली तीन वेगळी कामे येतात. पहिले ब्रेकिंग, म्हणजे कोऱ्या घोड्याला मोरकी, लगाम, खोगीर आणि शेवटी पाठीवरचा स्वार यांची सवय लावणे. दुसरे प्री-ट्रेनिंग, म्हणजे चाल, दुडकी आणि संथ कँटर (दुडकीहून वेगवान, पण चौखूर नसलेली धाव) यांतून हाडे, स्नायूबंध आणि दम हळूहळू घडवणे. तिसरे विश्रांती किंवा दुखापतीनंतरची उभारणी. ब्रेकिंगला गोल रिंगण आणि धीराचे हात लागतात, प्री-ट्रेनिंगला चांगला ट्रॅक लागतो, तर विश्रांतीला सुरक्षित कुरण आणि जवळ पशुवैद्यक लागतो. तिन्ही कामे सारखीच चांगली करणारे फार्म क्वचितच सापडते.

काम ठरले की दिवस उलटे मोजावेत. भारतात घोड्याचे वय १ जानेवारीपासून धरले जाते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेले आणि एप्रिलच्या शेवटी जन्मलेले शिंगरू कागदावर एकाच वयाचे असते, पण त्यांच्या हाडांना कागद कळत नाही. दोन वर्षांचे घोडे साधारणपणे वर्षाच्या अखेरीस शर्यतीत उतरू लागतात. ब्रेकिंगला सहा ते आठ आठवडे, त्यानंतरच्या संथ कामाला आणखी आठ ते बारा आठवडे आणि रेसकोर्सवरच्या तयारीला किमान तीन महिने धरले, तर फार्मवरचा मोठा काळ उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि पावसाळ्यात येतो. आपल्याकडे फार्मची खरी परीक्षा पावसात होते, ती यामुळेच.

तपासा: काम, ते सुरू करण्याची तारीख आणि घोडा रेसकोर्सवर परत न्यायचा महिना या तीन गोष्टी एका कागदावर लिहिता येत नसतील, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## २. आधी ट्रेनर आणि क्लब, फार्म नंतर

घोडा ज्याच्याकडे जाणार आहे त्या ट्रेनरशी सर्वांत आधी बोलावे. त्याच्याकडे क्लबने दिलेले स्टॉल, म्हणजे घोड्यांचे कप्पे, मर्यादित असतात, आणि आपला घोडा परत येईल त्या महिन्यात जागा मोकळी असेल की नाही हे त्यालाच ठाऊक असते. शिवाय प्रत्येक ट्रेनरचा काही फार्मवर विश्वास असतो आणि काहींबद्दल तो नुसता हसतो. त्या हसण्याचे कारण विचारून घ्यावे.

त्यानंतर क्लबच्या कार्यालयाकडून पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत. घोडा रेसकोर्सबाहेर ठेवायचा असेल तर कोणती सूचना किंवा परवानगी लागते? परत आत घेताना कोणत्या चाचण्यांचे अहवाल लागतात, आणि ते किती दिवसांपूर्वीचे चालतात? परत आल्यावर घोडा वेगळा ठेवावा लागतो का? परत आल्यापासून किती दिवसांनी तो शर्यतीसाठी पात्र होतो? बाहेर असताना दिलेल्या औषधांची नोंद कोणत्या स्वरूपात द्यावी लागते? हे नियम हंगामानुसार आणि आजारांच्या साथीनुसार बदलतात, म्हणून मागच्या वर्षी कुणाला काय सांगितले गेले यावर विसंबू नये.

याच वेळी घोड्याचा पासपोर्ट हातात घ्यावा, मायक्रोचिप वाचून घ्यावी आणि तिचा क्रमांक, अंगावरच्या खुणा व भोवरे नोंदीशी जुळतात का ते पाहावे. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांची नोंदणी पुण्यातील स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. तफावत असेल तर ती घोडा हलवण्याआधीच दुरुस्त करून घ्यावी. फार्मवर एकाच तांबूस-तपकिरी (‘बे’) रंगाचे चार घोडे एका रांगेत उभे असतात, आणि गफलत व्हायला एवढे पुरते.

## ३. घोड्याची ‘आजची’ स्थिती नोंदवून ठेवा

हा टप्पा जवळजवळ सगळेच मालक वगळतात. फार्मवर पाठवण्याआधी स्वतंत्र पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी, आणि हा पशुवैद्यक फार्मचा किंवा विक्रेत्याचा नेहमीचा नसावा. कठीण, सपाट जमिनीवर हातात धरून चालताना आणि दुडकीत धावताना समोरून, मागून व बाजूने चित्रफीत काढावी. चारही पायांची आणि खुरांची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत. दोन वर्षांच्या घोड्याच्या पुढच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढणे विशेष उपयोगी ठरते, कारण गुडघ्याच्या वरची वाढीची फट बहुधा दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान बंद होते, आणि ती किती उघडी आहे यावर कँटर कधी सुरू करावा हे ठरते.

विश्रांतीच्या स्थितीतले आकडेही लिहून ठेवावेत. निरोगी प्रौढ घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. पण तुलना करायची ती पुस्तकातल्या सरासरीशी नाही, आपल्याच घोड्याच्या नेहमीच्या आकड्यांशी.

## ४. यादी तयार करताना कुणाला विचारावे

जाहिरातींवरून यादी करू नये. फार्मची खरी माहिती तीन माणसांकडे असते: नालबंद, घोडे नेणाऱ्या गाडीचा, म्हणजे फ्लोटचा, चालक आणि रात्री बोलावला जाणारा पशुवैद्यक. नालबंद दर काही आठवड्यांनी प्रत्येक घोड्याचे खूर हातात घेतो, त्यामुळे कुठे खुरांत ओल आणि कुज असते हे त्याला पक्के माहीत असते. फ्लोटचालकाला कोणत्या फार्मवरून घोडे मुदतीआधीच परत जातात हे ठाऊक असते.

पुण्याभोवती मावळ, मांजरी अशा पट्ट्यांत स्टड फार्मची, म्हणजे पैदाशीच्या फार्मची, परंपरा आहे, म्हणून अनेकजण तिथूनच शोध सुरू करतात. मात्र घोड्या आणि शिंगरे सांभाळण्यात नावाजलेले फार्म घोडे घडवण्यातही चांगले असेलच असे नाही, आणि बाहेरच्या मालकाचे घोडे ते घेते का हे आधी विचारावे लागते. यादी चार-पाच नावांपेक्षा मोठी करू नये, कारण प्रत्येक ठिकाणी किमान दोनदा जावे लागणार आहे.

## ५. जमीन: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

घोड्याचे पाय ज्या जमिनीवर रोज पडतात ती जमीन एवढेच फार्मचे खरे भांडवल असते. तरण तलाव, वॉकर (घोड्यांना गोल फिरवणारे यंत्र), रंगीत कठडे या गोष्टी पैशाने महिन्याभरात उभ्या राहतात. निचरा होणारा ट्रॅक तसा उभा राहत नाही.

पहिली भेट पहाटे, ट्रॅकवर काम सुरू होण्याआधी द्यावी आणि संपूर्ण ट्रॅक पायी चालून पाहावा. सोबत पोलादी पट्टी किंवा टोकदार सळई ठेवून दर ५० पावलांवर आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला ती वाळूत रोवावी. मोकळ्या वाळूचा थर साधारण ८ ते १० सेंटीमीटर असून खाली पक्का, सलग तळ लागला तर ठीक. एका ठिकाणी चार आणि दहा पावलांवर पंधरा सेंटीमीटर लागले, तर तो ट्रॅक नाकारावा, कारण खोली एकसारखी नसणे हे ट्रॅक थोडा कठीण किंवा थोडा खोल असण्यापेक्षा जास्त घातक असते. घोड्याचा पुढचा पाय जमीन कशी लागेल याचा अंदाज धरून पडतो, आणि तो अंदाज चुकला की मार स्नायूबंधाला बसतो.

तळ कशाचा आहे ते विचारावे. मुरमावर नीट दाबून केलेला आणि बाजूला चर असलेला तळ पाणी सोडतो. काळ्या मातीवर थेट वाळू पसरलेली असेल तर पहिल्या मोठ्या पावसात माती वर येते, वाळू खाली जाते आणि उन्हाळ्यात त्याच जागी भेगा पडतात. मावळ-मुळशीच्या घाटाकडच्या बाजूला पाऊस पुणे शहराच्या कितीतरी पट पडतो, त्यामुळे ‘आमच्याकडे पाणी साचत नाही’ हे वाक्य हडपसरच्या पूर्वेला एक अर्थ देते आणि लोणावळ्याजवळ दुसरा. शक्य असेल तर दुसरी भेट जुलैमध्ये, रात्रभर पाऊस झाल्यानंतरच्या सकाळी द्यावी. गेल्या पावसाळ्यात ट्रॅक किती सकाळी बंद होता आणि त्या दिवशी घोड्यांना काय काम दिले, हे त्यांच्या कामाच्या वहीत पाहावे. वहीच नसेल तर ते उत्तरही पुरेसे बोलके आहे.

ट्रॅकचा आकारही पाहावा. अगदी लहान, चारशे-पाचशे मीटरच्या गोल ट्रॅकवर घोडा सतत वळणातच असतो आणि आतल्या बाजूच्या पायांवर भार येतो. वाढत्या हाडांसाठी निदान हजार मीटरचा परीघ, किंवा सहाशे ते आठशे मीटरची सरळ पट्टी असलेली जागा बरी. ट्रॅक लहानच असेल तर दोन्ही दिशांनी काम होते का, ते विचारावे. कठड्यांचे खांब लोखंडी अँगलचे नसावेत.

सावध: कोवळ्या घोड्यांच्या पुढच्या पायांच्या नळ्या दुखू लागणे, ज्याला ट्रॅकवर ‘शिन्स’ म्हणतात, हे अजून न सरावलेल्या हाडावर वेगाचा भार आल्याने होते. कठीण जमिनीवर हा त्रास लवकर होतो. फार्मवर सध्या किती घोडे शिन्समुळे थांबले आहेत, हा प्रश्न सरळ विचारावा. ‘एकही नाही’ या उत्तरावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. ‘दोन आहेत, आणि त्यांचे काम असे कमी केले आहे’ हे उत्तर चांगल्या फार्मचे असते.

## ६. एक सकाळ, एकच घोडा

दुसऱ्या भेटीत कुठलाही एक घोडा निवडून तो स्टॉलमधून बाहेर पडल्यापासून परत आत जाईपर्यंत फक्त त्याच्याकडे पाहावे. खोगीर कसताना तो कान मागे पाडतो का, सईस त्याच्याशी बोलतो की लगामाला हिसका देतो, स्वार घोडा उभा असताना शांतपणे चढतो की चालत्या घोड्यावर उडी घेतो, हे पाहावे. कामाआधी किमान दहा-पंधरा मिनिटे चालणे होते का, आणि कामानंतर घोड्याला पूर्ण थंड होईपर्यंत फिरवतात का, हेही पाहावे. काम संपल्यावर १५ मिनिटांनीही नाडी ६० च्या बरीच वर राहत असेल, तर त्या घोड्याला झेपण्यापेक्षा जास्त काम दिले गेले आहे किंवा तो आजारी आहे.

वेग घड्याळावर मोजावा. रेसकोर्सवरची कामे ‘६०० मीटर ४० सेकंद’ अशा भाषेत सांगितली जातात आणि फार्ममालकालाही असा आकडा सांगायला आवडतो. प्री-ट्रेनिंगमध्ये मात्र २०० मीटरला १८ ते २० सेकंद पुरेसे असतात. मालकाला खूश करण्यासाठी कोवळ्या घोड्याला चौखूर पळवून दाखवणारे फार्म यादीतून काढून टाकावे. वेगाचे काम ट्रेनरचे आहे, आणि ते रेसकोर्सवरच व्हावे.

एका सईसाकडे किती घोडे आहेत, हे मोजावे. दोन-तीनपर्यंत ठीक, पाच-सहा असतील तर खरारा आणि पाय चाचपणे हे नावालाच होत असणार. ब्रेकिंग करणारा माणूस कोण, तो फार्मवरच राहतो का, आणि लग्नसराईत किंवा गावच्या जत्रेच्या दिवसांत त्याच्या जागी कोण असते, हे विचारावे.

## ७. तबेला, चारा आणि कुंपणापलीकडचे शेजार

स्टॉल साधारण १२ फूट बाय १२ फूट, हवेशीर आणि कोरडा हवा. सकाळी स्टॉल साफ होण्याआधी आत जाऊन वाकावे: अमोनियाचा वास आपल्या गुडघ्याच्या उंचीवर डोळ्यांत झोंबत असेल, तर रात्रभर घोडा त्याच हवेत श्वास घेत होता. उघड्या तारा, पावसात गळणारे छप्पर आणि अर्थिंग नसलेली पाण्याची मोटर यांवर तडजोड करू नये. पाय ओल्या जमिनीवर आणि त्यांत नाल, त्यामुळे माणसाला झटका बसून निभावते तिथे घोडा दगावू शकतो.

चंदी आणि वैरण कुठे साठवली आहे ते उघडून पाहावे. ओट, हरभरा, कोंडा, लसूणघास यांचे प्रमाण फार्मनुसार बदलते, पण बुरशी कुठेच चालत नाही, आणि बुरशी लागलेला मका तर घोड्याच्या मेंदूवर आघात करतो. फार्मवर किंवा शेजारी कोंबड्यांच्या शेड असतील तर जास्त दक्षता हवी. कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन असते, आणि ते अल्प प्रमाणातही घोड्याच्या हृदयाला मारक ठरते. दोन्ही खाद्ये एकाच गोदामात, एकाच फावड्याने हाताळली जात असतील, तर त्या फार्मचा विचार सोडावा.

मग कुंपणाने एक फेरी मारावी. काटेरी तार असेल तर कुरण वापरू नये. शोभेसाठी लावलेली कण्हेर घोड्याने मोजक्या पानांइतकी खाल्ली तरी प्राणघातक ठरू शकते, आणि आपल्याकडे ती रस्त्याकडेला, फाटकापाशी सर्रास असते. एरंड आणि घाणेरीही विषारी आहेत. सुबाभूळ रोज पोटात गेल्यास आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. उसाला लागून असलेल्या जुन्नर-शिरूरकडच्या जमिनींवर बिबट्याचा वावर असतो, म्हणून रात्री तबेला खरोखर बंद होतो का ते पाहावे.

तपासा: रात्री दोन वाजता पोटशूळ उठला तर फार्मवर कोण असते, पशुवैद्यक किती वेळात येतो आणि घोड्याची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा ठिकाणी न्यायला फ्लोट कुठून मिळतो? तिन्ही उत्तरे नावासह आणि मिनिटांत मिळायला हवीत.

## ८. साथीचे आजार आणि औषधांची वही

बाहेरून आलेला घोडा दोन ते तीन आठवडे वेगळा ठेवला जातो का, हे फक्त विचारू नये. ती जागा पाहावी. वेगळ्या स्टॉलसाठी वेगळी बादली, वेगळा खरारा आणि शक्यतो वेगळा सईस लागतो. चार पावलांवर एकाच हौदातून सगळे घोडे पाणी पीत असतील, तर वेगळे ठेवण्याला अर्थ नाही.

ग्लँडर्स या घोड्यांच्या जिवाणूजन्य आजारावर लस नाही, माणसालाही तो होतो आणि २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याखाली तो कळवणे बंधनकारक आहे. बाधित घोडा नष्ट करावा लागतो आणि आसपासच्या घोड्यांच्या हालचालींवर निर्बंध येतात. म्हणून फार्मवरच्या सगळ्या घोड्यांचे ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शियस ॲनिमियाच्या (घोड्यांतील विषाणूजन्य रक्तक्षयाच्या) चाचणीचे अलीकडचे अहवाल पाहावेत. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या चाचण्या होतात. लग्नाच्या वरातीचे किंवा भाड्याच्या सवारीचे घोडे त्याच आवारात येत-जात असतील तर धोका वाढतो. पावसाळ्यात गोमाश्यांमुळे सर्रा आणि गोचिडांमुळे बबेसिया या रक्तातील परजीवींच्या आजारांचाही विचार हवा. धनुर्वात आणि इन्फ्लुएंझाच्या लसीच्या तारखा पासपोर्टमध्ये लिहून घ्याव्यात.

औषधांची वही रोज भरलेली, सहीची आणि पान न फाडलेली हवी. शर्यतीत निषिद्ध असलेली द्रव्ये नेहमी इंजेक्शनमधूनच येतात असे नाही. सईसाच्या कपातला चहा घोड्याच्या घमेल्यात पडला तर कॅफीन, कोकोमिश्रित खाद्यातून थिओब्रोमीन, आणि माणसाने स्टॉलमध्ये लघवी केल्यास त्याने घेतलेले औषध बिछान्यातून घोड्याच्या पोटात जाऊ शकते. शेवटची गोष्ट सांगताना लोक हसतात, पण तबेल्यात स्वच्छतागृह जवळ आहे का हे पाहण्याचे कारण तेच आहे.

## ९. करार

तोंडी व्यवहार मैत्रीत चालतात, पण घोडा आजारी पडल्यावर मैत्री कमी पडते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार घोडा दुसऱ्याच्या ताब्यात देणे हा निक्षेप (बेलमेंट) ठरतो, आणि कलम १५१ प्रमाणे ताबा घेणाऱ्याने सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते. हे तत्त्व ठीक आहे, पण ‘तेवढी’ म्हणजे किती, हे करारातच लिहावे लागते.

रोजच्या दरात काय येते आणि नालबंदी, लसी, जंताचे औषध, एक्स-रे यांचे पैसे कसे लागतात, हे वेगवेगळे लिहावे. तातडीच्या उपचारांना मालकाचा फोन न लागल्यास कुणाची संमती चालेल आणि किती खर्चापर्यंत, हे स्पष्ट हवे. घोड्याचा विमा असेल तर जागा बदलल्याचे विमा कंपनीला आधी कळवावे, आणि आजार झाल्यास लगेच कळवण्याची व दयामरणाआधी कंपनीची संमती घेण्याची अट करारातही उतरवावी. मालकाला किंवा त्याच्या पशुवैद्यकाला पूर्वसूचना न देता भेट देता येईल, हे वाक्य करारात असावे. ते लिहायला नकार देणाऱ्या फार्मला घोडा देऊ नये. बिल थकल्यास घोडा अडवून ठेवण्याबद्दल काय ठरले आहे, तेही वाचून मगच सही करावी.

## १०. प्रवास आणि पहिले तीन आठवडे

१९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार घोड्याच्या प्रवासासाठी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो, आणि मूळ पासपोर्टही बरोबर ठेवावा. उन्हाळ्यात पहाटे निघावे. आधीच्या ठिकाणची चंदी चार-पाच दिवस पुरेल एवढी सोबत पाठवावी आणि नवी चंदी आठवडाभरात हळूहळू मिसळावी, कारण अचानक बदललेले खाणे हे पोटशूळाचे नेहमीचे कारण आहे.

पोहोचल्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान घेऊन मालकाला कळवावे. लांबच्या प्रवासानंतर ताप आणि खोकला आला तर तो ‘थकवा’ समजू नये, फुप्फुसाच्या संसर्गासाठी लगेच तपासावे. पहिल्या दहा दिवसांत कामाची घाई करू नये.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, न कळवता पहाटे जावे आणि सोबत तिसऱ्या टप्प्यातली छायाचित्रे न्यावीत. वजनपट्टीने (छातीच्या घेरावरून वजन सांगणाऱ्या फितीने) वजन मोजावे, चारही पाय स्वतः चाचपावेत, त्याच कठीण जमिनीवर दुडकी पुन्हा चित्रित करावी आणि दोन्ही चित्रफिती त्याच दिवशी ट्रेनरला पाठवाव्यात. पुढचा महिना फार्मवर ठेवायचा की घोडा हलवायचा, हे त्याचे उत्तर आल्यावर ठरवावे, आणि हलवायचे ठरले तर परत घेण्याच्या चाचण्यांचे नमुने फ्लोट बोलावण्याच्या आधी पाठवावेत.